करावें, करावे, करावं : मराठी विध्यर्थाच्या लेखनाचा आढावा

कुठल्याही तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून अर्ज लिहून देणारा माणूस बसलेला असतो. वाशिमला जा, रिसोडला जा, मानोऱ्याला जा, त्याच्या अर्जाचा साचा ठरलेला. वर 'विषय : शेतरस्ता मिळणेबाबत'. मग गट नंबर, चतुःसीमा, शेजाऱ्याने धुरा कोरल्याची हकीकत. शेवटी 'तरी माझ्या अर्जाचा विचार व्हावा व मला रस्ता मिळावा, ही नम्र विनंती'. काही आठवड्यांनी कचेरीतून मंडळ अधिकाऱ्याला पत्र जाते, 'स्थळपाहणी करून अहवाल सादर करावा'. अर्जदाराचा 'मिळावा' आणि साहेबाचा 'करावा' यांना प्रत्यय एकच लागला आहे. एकात आर्जव आहे, दुसऱ्यात हुकूम. इच्छा, विनंती, सूचना, कर्तव्य, आशीर्वाद, शक्यता अशी सारी कामे मराठी या एका आवा-आवी-आवे प्रत्ययावर भागवते. व्याकरणात त्याला विध्यर्थ म्हणतात.

ही रूपे कशी लिहायची, यावर शतकाहून अधिक काळ वाद चालू आहे. 'राहावे' की 'रहावे', 'करावे' की 'करावं', 'ठेवाव्या' की 'ठेवाव्यात', असे त्यातले प्रश्न आहेत. गंमत अशी, की हा वाद मिटवण्यासाठी केलेले शासनमान्य नियमच बहुतांश विध्यर्थात लिहिलेले आहेत. अनुस्वार द्यावा, ऱ्हस्व लिहावे, दीर्घ लिहावे, रूपे वापरू नयेत. वादाचा विषय आणि वादाची भाषा एकच.

या लेखात त्या वादाची पार्श्वभूमी, आजच्या भूमिका आणि न सुटलेले भाग एकत्र मांडले आहेत. उदाहरणे शक्य तेवढी वऱ्हाडातून, त्यातही वाशिम जिल्ह्यातून घेतली आहेत. प्रमाणभाषेचे नियम पुण्या-मुंबईत ठरतात, पण त्यांची खरी परीक्षा मंगरूळपीर आणि मानोऱ्याच्या शाळेत होते.

मागचे धागेदोरे

विध्यर्थाची व्युत्पत्ती बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. संस्कृतातले 'तव्य' हे कृदन्त, उदाहरणार्थ 'कर्तव्य', प्राकृतात 'अव्व' या वळणाने आले आणि मराठीत 'आवा' झाले. मूळ अर्थ 'करण्याजोगे, करायला हवे असे'. त्यामुळे विध्यर्थ कर्त्यापेक्षा कर्माच्या लिंगवचनाकडे पाहतो. त्याने अर्ज करावा, विनंती करावी, काम करावे.

हा प्राकृताचा दुवा वाशिमला परका नाही. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने काव्यमीमांसेत या नगराचा उल्लेख केला आहे. इथल्या सर्वसेन राजाने 'हरिविजय' हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात रचले. ते आज उपलब्ध नाही. उपलब्ध आहे तो १९३९ साली प्रकाशात आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा वाशिम ताम्रपट. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार मुख्यतः प्राकृतात आहे. मोठेपणाची भाषा वेगळी आणि कामाची भाषा वेगळी, ही विभागणी तेव्हाही होती.

मधल्या काळातल्या लेखनात ऱ्हस्वदीर्घाचा आजच्यासारखा काच नव्हता. मोडी लिपीत इकार आणि उकार यांचे ऱ्हस्वदीर्घ सहसा वेगळे दाखवतच नसत. वसुलीचे, वतनाचे, वाटणीचे कागद त्यावाचून शतकानुशतके चालले. कारंजा हे जैन भट्टारकांचे जुने पीठ. तिथे आणि अन्यत्र जपल्या गेलेल्या बाळबोध पोथ्यांतही लेखकू हाताला येईल तसे ऱ्हस्वदीर्घ लिहितो, असे वारंवार दिसते. एका शब्दाचे एकच रूप बरोबर, ही कल्पना आपल्याकडे छापखाना आणि सरकारी शाळा यांच्याबरोबर रुजली.

त्या कामाचे टप्पे परिचित आहेत. मोल्सवर्थचा कोश १८३१चा, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६चे. मेजर कँडीच्या देखरेखीखाली शालेय पुस्तकांची भाषा एका साच्यात आली. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११चे, आणि क्रियापदांच्या रूपांचा त्यातला विचार आजही ओलांडून जाता येत नाही. या काळात 'करावें, जावें, पुस्तकें आणावीं' असे सानुस्वार लेखन शिष्टसंमत होते. त्या अनुस्वारांचा उच्चार बहुतेकांच्या तोंडी उरला नव्हता, तरी ते व्युत्पत्तीची खूण म्हणून द्यायचे असत. शाळेतली मुले ते पाठ करून द्यायची, आणि चुकली की मार खायची.

१९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. त्यात पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, मराठवाडा साहित्य परिषद आणि १९२३ साली स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ अशा चार संस्था होत्या. म्हणजे नियम ठरवणाऱ्या टेबलाशी विदर्भाला खुर्ची होती, हे नोंदवायला हवे. महामंडळाने तयार केलेल्या चौदा नियमांना १९६२ साली शासनाची मान्यता मिळाली, १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडली. हेच ते अठरा नियम. अनुच्चारित अनुस्वार गेले आणि 'करावें'चे 'करावे' झाले. १९६७ साली बालभारती स्थापन झाली आणि तिच्या पुस्तकांनी हे लेखन घरोघर नेले.

एकाच नावाखाली चार प्रश्न

या वादावरचे लेखन वाचताना एक गोष्ट खटकत राहते. 'शुद्धलेखन' या एका शब्दाखाली निरनिराळे प्रश्न कोंबले जातात आणि एका प्रश्नावरचा युक्तिवाद दुसऱ्यासाठी वापरला जातो. विध्यर्थापुरते बोलायचे, तर निदान चार प्रश्न वेगळे करता येतात.

पहिला प्रकार वादाचा नाहीच. घे, दे, ने यांचे घ्यावे, द्यावे, न्यावे होते. पी, भी यांचे प्यावे, भ्यावे. जा, खा, गा यांत दोन आकार एकमेकांत मिसळून जावे, खावे, गावे. लिहिणे या धातूतला शेवटचा इकार गळतो आणि लिहावे उरते. धुणे घेतले तर मध्ये वकार शिरून धुवावे होते. सगळ्यांत चमत्कारिक 'हो'. त्याचे 'व्हावे' होते, धातूतला ह मागे जातो आणि व पुढे येतो. इथे उच्चारच बदलला आहे आणि लेखन त्याच्या मागून गेले आहे. कारंज्याच्या चौथीतल्या पोराला 'घेआवे' लिहू नको असे सांगावे लागत नाही.

दुसरा प्रकार ऱ्हस्वदीर्घाचा. 'तू नीट शीक', 'लवकर ऊठ', 'पाटी पूस' यांत इकार-उकार दीर्घ. पण शिकावे, उठावे, पुसावे यांत ऱ्हस्व. मराठी अकारान्त शब्दांतले उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावेत, हा नियम. त्याची नेहमीची उदाहरणे नामांची आहेत, गरीब, वकील, फूल, वीट. 'फूल'चे 'फुलाला' होते, तसेच 'ऊठ'चे 'उठावे', म्हणून व्याकरणकार तोच न्याय क्रियापदांना लावतात. अनुस्वार असलेल्या जिंक, गुंत अशा धातूंना त्यातून सूट. भाषाशास्त्राच्या बाजूने आक्षेप असा आहे, की अस्सल मराठी शब्दांत ही दीर्घता जागेवरून आपोआप ठरते, मग ती वेगळ्या चिन्हाने दाखवायची गरज काय? उलट बाजू म्हणते, उच्चारात फरक आहे ना, मग तो लेखनात दिसलेला बरा. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी सरळ आहेत.

तिसरा प्रकार सर्वांत चिवट आहे. राहणे, पाहणे, वाहणे यांचा. शासनमान्य नियम सांगतो, की राहणे, पाहणे, वाहणे अशीच रूपे वापरावीत, राहाणे, पाहाणे नकोत. आज्ञार्थात मात्र राहा, पाहा, वाहा यांच्याबरोबर रहा, पहा, वहा चालतील. सवलत दिली ती आज्ञार्थाला. विध्यर्थाबद्दल नियम गप्प आहे. म्हणून काटेकोर वाचणारे म्हणतात, सवलत नाही तिथे मूळ रूपच धरायचे, 'राहावे, पाहावे'. पण लग्नसराईत कुठल्याही छापखान्यात डोकावा. एका पत्रिकेवर 'सहकुटुंब उपस्थित राहावे', शेजारच्या गठ्ठ्यात 'सहकुटुंब उपस्थित रहावे'. दोन्ही लग्ने सुरळीत लागतात.

'राहावे'च्या बाजूचा युक्तिवाद असा. चाल, वाच, थांब या धातूंचे चालावे, वाचावे, थांबावे होते, पहिला आकार कुठेच आखूड होत नाही. मग हकारान्त धातूंनाच वेगळा न्याय का? शिवाय 'साहणे'चे 'सहावे' केले, तर ते पाचव्यानंतरचे सहावे होऊन बसते. 'रहावे'च्या बाजूचा युक्तिवाद असा. ह हे दुबळे व्यंजन आहे, दोन आकारांच्या मध्ये सापडले की ते विरघळते, आणि बोलताना पहिला आकार आखूड होतो हे कानाला कळते. हेच धातू राहायला-रहायला, पाहायचे-पहायचे, राहत-रहात अशा दुहेरी रूपांनी लिहिले जातात, यावरूनच इथे बोलणे स्थिर नाही हे दिसते. आज्ञार्थाला सवलत देताना नियमकर्त्यांनी ही अस्थिरता मान्यच केली होती. ती विध्यर्थाला का दिली नाही, याचे कारण नियमाच्या शब्दांत सापडत नाही.

चौथा प्रकार अनुस्वाराचा, आणि त्याची गोष्ट १९६२ साली संपली असे मानणे चूक आहे. 'करावें'वरचा टिंब काढला, पण पात्राच्या तोंडी किंवा बोलण्याच्या धाटणीच्या लेखनात केलं, म्हटलं, सांगितलं अशी रूपे वापरण्यास त्याच नियमांनी मोकळीक दिली. म्हणजे एकारावरचा टिंब गेला आणि अकारावर टिंब आला. 'करावं'मधला टिंब नाकात बोलण्याचा नाही, शेवटचा अ लांबवण्याचा आहे. आज कथा, ललित लेख, सदरे, जाहिराती यांत 'करावं' सर्रास दिसते, तर शासननिर्णय, पाठ्यपुस्तके, न्यायालयीन कागद यांत 'करावे'. अनुच्चारित टिंब काढताना एक नुकसान झाले, ते सहसा कोणी सांगत नाही. पूर्वी 'पत्र लिहावें' हे नपुंसकलिंगी एकवचन आणि 'लेख लिहावे' हे पुल्लिंगी अनेकवचन लेखनात वेगळे होते. 'पुस्तकें आणावीं' आणि 'वही आणावी' हीही वेगळी होती. टिंब गेल्यावर या जोड्या एक झाल्या. लिहावेत, आणावीत, ठेवाव्यात अशी तकारान्त अनेकवचने आधीपासून होती, पण आज ती जवळपास सक्तीची वाटतात, त्यामागे ही टक्कर असावी असे मला वाटते. नियमांनी एक खूण काढली आणि भाषेने दुसरी खूण पुढे केली.

भूमिका कोणाच्या, कशासाठी

नियमनिष्ठ भूमिकेचे बळ शिक्षक, मुद्रितशोधक आणि परीक्षार्थी यांच्यात आहे. मो. रा. वाळंबे यांच्या 'सुगम मराठी व्याकरण लेखन'ने हे नियम पिढ्यान्‌पिढ्या शिकवले. वाशिमच्या कुठल्याही अभ्यासिकेत तलाठी किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलासमोर ते पुस्तक उघडे दिसेल, समासात पेन्सिलीच्या खुणांसह. अरुण फडके यांनी 'मराठी लेखन-कोश' काढून शब्दांची सामान्यरूपेही छापून दिली आणि 'शुद्धलेखन ठेवा खिशात' ही छोटी पुस्तिका करून नियम सामान्य माणसाच्या हाती दिले. या भूमिकेचा गाभा असा, की नियम उत्तम असतील-नसतील, ते एक आहेत हेच त्यांचे मोल. रिसोडच्या मुलीला आणि दादरच्या मुलाला एकच उत्तर बरोबर मिळाले पाहिजे. खेड्यातल्या मुलाला एकच छापील पुस्तक मिळते, त्याच्यासाठी एकरूपता ही चैन नाही.

दुसरी भूमिका नियमांच्या आतून चिकित्सा करणारी. सत्त्वशीला सामंत यांनी शासनमान्य नियमांतल्या विसंगती दाखवत लेखनपद्धतीची फेरमांडणी मागितली. कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी 'मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद'मध्ये व्याकरणातल्या रूढ समजुती तपासून पाहिल्या. या अभ्यासकांना नियम मोडायचे नाहीत. नियम कोणत्या तत्त्वावर उभे आहेत, उच्चार, व्युत्पत्ती की रूढी, हे आधी ठरवा, असे त्यांचे म्हणणे. राहावे-रहावे हा गुंता तत्त्व न ठरवता तडजोड केल्यामुळे झाला, असे या बाजूने म्हणता येते.

तिसरी भूमिका सोपेपणाची. ऱ्हस्वदीर्घाचा भेद अस्सल मराठी शब्दांत काढून टाकावा किंवा निदान त्यावर गुण कापू नयेत, असे अनेक शिक्षक बोलून दाखवतात. लिपीच साधी करण्याचे प्रयत्नही झाले. सावरकरांची अ-ची बाराखडी, म्हणजे 'अि', 'अु' असे लेखन, त्यांतले सर्वांत गाजलेले. ते टिकले नाही. छपाईची सोय हे त्यामागचे एक कारण होते आणि तंत्र बदलल्यावर ते कारणच उरले नाही.

कचेऱ्यांची म्हणून एक चौथी, न बोललेली भूमिका आहे. तिथे नियम माहीत असतात आणि मोडलेही जातात. एकारान्त नामाचे सामान्यरूप याकारान्त करावे, असे नियम सांगतो. म्हणजे मिळणे-मिळण्याबाबत, देणे-देण्यात. तरी अर्जावर 'मिळणेबाबत' आणि आदेशात 'देणेत यावे' हे चालूच. शासनाने मान्य केलेला नियम शासनाच्याच टिपणीत मोडला जातो, हे पाहून चिडण्यापेक्षा रूढी किती बळकट असते ते यातून शिकावे. 'देणेत'मध्ये कारकुनाला अधिकार ऐकू येतो, 'देण्यात'मध्ये तो येत नाही.

वऱ्हाडीचा वेगळा विध्यर्थ

इथपर्यंतचा वाद प्रमाण मराठीचा. वऱ्हाडात या सगळ्याच्या शेजारी एक वेगळीच रूपरचना नांदते आणि आढाव्यांत ती सहसा वगळली जाते. 'उद्या येजो', 'घरी गेल्यावर फोन करजो', 'त्याले पैसे देजो', आदराने बोलताना 'येजा', 'करजा'. हे साधे आज्ञार्थ नाहीत. 'ये' म्हणजे आत्ता ये. 'येजो' म्हणजे पुढे कधी तरी, आठवणीने, माझ्या विनंतीखातर ये. प्रमाण मराठीत हा अर्थ सांगायला 'यावे', 'ये हं', 'येशील' असे तीन-चार पर्याय धुंडाळावे लागतात. वऱ्हाडीत तो एका अक्षरात येतो.

हे रूप आले कुठून, यावर दोन मते संभवतात. एक म्हणजे वारसा. जुन्या मराठीत 'कीजे', 'दीजे' अशी जकारयुक्त रूपे विपुल आहेत, ती प्राकृतातल्या 'ज्ज' प्रत्ययाशी जोडली जातात, आणि हिंदीतले 'कीजिए' त्याच गोतावळ्यातले. प्रमाण मराठीने सोडलेला हा धागा वऱ्हाडीने धरून ठेवला, असे मग म्हणावे लागते. दुसरे म्हणजे शेजार. गुजरातीत निरोप देताना 'आवजो' म्हणतात, रूप आणि अर्थ दोन्ही येजोच्या अगदी जवळ. उत्तरेकडच्या भाषांशी वऱ्हाडचा शतकांचा संबंध आहे. दोन्ही कारणे एकदम खरी असण्यालाही हरकत नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला आणि त्यात वऱ्हाडीची दखल आहे. योगायोग असा, की त्याच वर्षी जुना बाशीम जिल्हा मोडून त्याचा बराच भाग अकोल्यात गेला. तो वेगळा जिल्हा म्हणून परत आला १ जुलै १९९८ला.

लेखनाच्या बाजूने वऱ्हाडीचा प्रश्न वेगळा आहे. पाह्य, राह्यजो, राह्यलं ही रूपे लिहायची कशी, याला कोणताही ठरीव नियम नाही. उद्धव शेळक्यांच्या १९६०च्या 'धग'पासून विठ्ठल वाघांच्या कवितेपर्यंत प्रत्येक लेखकाने आपल्या कानाप्रमाणे वाट काढली. मजेची बाब अशी, की प्रमाण मराठीत जिथे राहावे-रहावेची ओढाताण आहे, तिथे वऱ्हाडीने 'राह्य' करून पहिला आकार शाबूत ठेवला आणि ह-ची अडचण यकार जोडून सोडवली. व्याकरणकार ज्या दुबळ्या ह-बद्दल बोलतात, त्याचा हा चालताबोलता दाखला आहे. पण शाळेच्या वहीत तो आला की लाल शाईने गोल होतो. वाशिमचे नामदेव कांबळे यांच्या 'राघववेळ'ला १९९५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या भागातून श्रेष्ठ लेखन येऊ शकते हे सिद्ध करायची गरज उरलेली नाही. तरी इथल्या क्रियापदांची रूपे प्रश्नपत्रिकेत आली, तर फक्त 'अशुद्ध शब्द ओळखा' या प्रश्नातच येतात.

मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या परिसरात, प्रश्न आणखी एक पायरी पुढे जातो. बंजारा तांड्यावरच्या मुलाची गोरबोली राजस्थानी गटातली मानली जाते. त्याला आधी वर्गातली वऱ्हाडी, मग पुस्तकातले 'करावे', आणि मग त्यातले ऱ्हस्वदीर्घ शिकायचे असते. 'जसे बोलता तसे लिहा' हा सोपेपणाचा मंत्र त्याच्या कामाचा नाही. कारण तो पुस्तकातली मराठी बोलतच नाही. उच्चारानुसारी लेखनाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या मुलाचा विचार फारसा केलेला दिसत नाही.

स्पॅनिशकडे एक नजर

क्रियापदाच्या अशाच रूपात लेखन बदलण्याची अडचण स्पॅनिश शिकणाऱ्यांनाही येते, आणि तुलना उद्बोधक आहे. 'त्याने यावे अशी माझी इच्छा आहे' अशा वाक्यात स्पॅनिश क्रियापद एक खास रूप घेते आणि त्यात शेवटचा स्वर पालटतो. शोधणे म्हणजे 'बुस्कार', त्याचे इच्छारूप 'बुस्के'. बोलताना क तोच राहतो. पण स्पॅनिश लिपीत सी या अक्षरापुढे ए आला की त्याचा क उरत नाही, म्हणून सी काढून क्यू आणि यू लिहावे लागते. पैसे देणे म्हणजे 'पागार', त्याचे 'पागे' लिहिताना जीपुढे एक मुका यू घालतात. पकडणे म्हणजे 'कोखेर', त्याचे 'कोखा' लिहिताना जी जाऊन जे येतो. उच्चार टिकवण्यासाठी अक्षर बदलायचे, असा हा सारा कारभार. आपल्या 'घे-घ्यावे'मध्ये उच्चारच बदलतो. म्हणजे दोन भाषांतल्या अडचणी दिसायला सारख्या, आतून उलट्या.

सुधारणेचा इतिहास मात्र सारखा आहे. स्पॅनिश अकादमी १७१३ साली स्थापन झाली, तिचा लेखनग्रंथ १७४१चा. आन्द्रेस बेल्लो यांनी १८२३ साली लंडनहून लेखन सुटसुटीत करण्याचा प्रस्ताव मांडला. चिली देशाने १८४४मध्ये त्यातला काही भाग स्वीकारला, आणि ई-आयपुढे ख-सारख्या उच्चाराला सगळीकडे जे लिहू लागला. त्या पद्धतीत 'कोखेर'चा घोळ मुळातच संपतो. पण बाकीचे स्पॅनिशभाषक देश मागून आले नाहीत आणि १९२७मध्ये चिली अकादमीच्या वाटेवर परतला. १९९७ साली मेक्सिकोतल्या साकातेकासच्या भाषा परिषदेत गार्सिया मार्केस यांनी लेखननियमांना निवृत्त करा असे आवाहन केले, तेव्हा टाळ्यांइतकाच गदारोळही झाला. २०१०मध्ये अकादमीने 'सोलो' या शब्दावरची आघाताची खूण अनावश्यक ठरवली. कित्येक लेखकांनी ती सोडायला नकार दिला आणि २०२३ साली अकादमीला आपले शब्द मवाळ करावे लागले. टिंबाचा हट्ट फक्त मराठी माणसाचाच नाही.

फरक एवढा, की तिथे प्रश्न विचारायला एक ठिकाण आहे. अकादमी चुकते, वाद होतो, ती शब्द बदलते. आपल्याकडे अठरा नियम १९७२ नंतर जिथे होते तिथेच आहेत.

काय उरले आहे

२००९ साली शासनाने देवनागरी वर्णमाला आणि अक्षरलेखन प्रमाणित करणारा निर्णय काढला, पुढे त्यात फेरफारही झाले. ते अक्षरांच्या आकाराचे काम होते. क्रियारूपांना त्याने हात लावला नाही. राज्य मराठी विकास संस्था १९९२पासून आहे, भाषा संचालनालय १९६०पासून. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. संस्था कमी नाहीत. 'राहावे' बरोबर की 'रहावे', याचे उत्तर देण्याची जबाबदारी त्यांतल्या कोणाची, हे मात्र ठरलेले नाही.

न सुटलेले मुद्दे मोजके आहेत. हकारान्त धातूंच्या विध्यर्थाला आज्ञार्थाप्रमाणे विकल्प द्यायचा का. 'करावं' हे रूप वैचारिक आणि शासकीय लेखनात चालणार का, की दोन वेगळ्या पट्ट्यांत दोन रूपे कायम राहणार. तकारान्त अनेकवचन सक्तीचे मानायचे का. अस्सल मराठी धातूंतला शीक-शिकावे हा फरक परीक्षेत गुण कापण्याइतका महत्त्वाचा आहे का. आणि येजो, करजो, राह्यजो या रूपांची नोंद बोलीकोशाबाहेर, शालेय व्याकरणात, निदान तळटीपेत तरी होणार का. मोबाइलच्या कळफलकाने तर निर्णय आधीच घेऊन टाकला आहे. तो 'रहावे' आणि 'राहावे' दोन्ही सुचवतो आणि लोक जे आधी दिसेल ते दाबतात.

यातला पहिला मुद्दा सर्वांत सोपा आहे, असे माझे मत. एका ओळीची दुरुस्ती पुरे आहे, आज्ञार्थाची सवलत विध्यर्थालाही लागू. बाकीचे प्रश्न संशोधनाचे आहेत, त्यांना वेळ लागेल. ती दुरुस्ती होईपर्यंत प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी राहावे-रहावे ही जोडी 'शुद्ध रूप ओळखा'मध्ये घालू नये. घातलीच, तर भरतीला बसलेल्या मुलांनी 'राहावे' निवडावे. आज लागू असलेल्या नियमाच्या चौकटीत तेच उत्तर टिकते.